कॅप्टनने दार बंद केलं, पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्रमंडळींत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, ‘डीप स्पेस नाइन’, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, ‘अँडोर’ यांच्यात नायकच खोटं बोलतात, फसवतात, माणसं मारतात. म्हणून ती मोठ्यांची सायन्स फिक्शन, आणि १९६६चं मूळ ‘स्टार ट्रेक’ म्हणजे रंगीत सदऱ्यांतल्या सज्जनांची बालकथा. दुसऱ्या तटाला या सगळ्यात उगाचची काळोखी दिसते. आणि या वादातून तुमचा खरा प्रश्न निघालाय: तुम्ही लिहीत असलेल्या कथेतला कॅप्टन बाकीच्यांना हवा पुरावी म्हणून यानाचा एक अख्खा विभाग आतल्या माणसांसकट बंद करून टाकतो. तो वाचकाच्या मनातून साफ उतरू नये, पण कथा पोरकटही वाटू नये, यासाठी काय करावं?

विज्ञानकथा लिहिण्यात आणि त्याहून जास्त इतरांच्या विज्ञानकथा तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा कॅप्टन मला दर दिवाळी अंकाच्या हंगामात भेटतोच. कधी तो मंगळावरच्या वसाहतीचा प्रमुख असतो, कधी लस दडवून ठेवणारा शास्त्रज्ञ. तेव्हा सरळच सांगतो. नायक किती वाईट वागला यावरून कथेची समज ठरत नाही. त्याने केलेलं पुढच्या पानांत कुठे कुठे उमटतं आणि ते निस्तरायला कोण बसतं, यावरून ठरते. विज्ञानकथेत याला आणखी एक पदर आहे, तो पुढे येईल. (खाली बऱ्याच गोष्टींचे शेवट सांगून टाकले आहेत. ज्यांना आधी बघायचं आहे त्यांनी इथेच थांबावं.)

सुरुवात त्याच भागापासून करू, ज्यावर तुमचेही मित्र भांडत असणार. ‘डीप स्पेस नाइन’च्या (ही ‘स्टार ट्रेक’चीच पुढची मालिका, एका अवकाशस्थानकावर घडणारी) सहाव्या सीझनमधला ‘इन द पेल मूनलाइट’, एप्रिल १९९८चा. शत्रू डोमिनियनशी चाललेलं युद्ध आपल्या नायकांची बाजू, म्हणजे फेडरेशन, हरत आलंय. दर शुक्रवारी सकाळी मेलेल्यांची यादी लागते आणि लोक तिच्यात ओळखीची नावं शोधतात. शेजारचं रोम्युलन साम्राज्य तटस्थ बसलंय. त्यांना आपल्या बाजूने ओढायचं, असं कॅप्टन सिस्को ठरवतो. डोमिनियन तुमच्यावरही हल्ला करणार आहे, याचा पुरावा दिला की काम होईल. पुरावा मिळत नाही. मग तो बनवायचा.

पुढची घसरण नीट बघा, लिहिणाऱ्याने शिकावं असं सगळं तिथे आहे. बनावट चित्रण करून देणारा टोलार नावाचा माणूस क्लिंगन या परग्रहवासीयांच्या तुरुंगातून सोडवून आणावा लागतो. तो क्वार्कच्या बारमध्ये दारू पितो आणि क्वार्कलाच सुरा मारतो. तक्रार होऊ नये म्हणून सिस्को क्वार्कला लाच देतो. क्वार्क दुखण्यातही खूश, कारण प्रत्येकाची काही तरी किंमत असते हा त्याचा सिद्धान्त खुद्द कॅप्टनने खरा करून दाखवलेला असतो. मग ज्यावर ते चित्रण भरायचं तो डेटा रॉड मिळवायला एक धोकादायक जैविक जेल भलत्याच माणसाच्या हाती द्यावं लागतं. ते कोणाला हवंय, कशाला हवंय, हे विचारायचं नसतं. कुठलीच पायरी उंच नाही. आधीच्या पायरीवर पाय ठेवला होता म्हणून पुढची फारशी खोल वाटत नाही, एवढंच. शेवटी रोम्युलन सिनेटर व्रीनाक येतो, रॉड तपासतो आणि हे बनावट आहे असं सिस्कोच्या तोंडावर फेकतो. परतीच्या वाटेवर त्याच्या यानात स्फोट होतो. तो घडवून आणलेला असतो गराकने. हा स्टेशनवरचा शिंपी, आणि पूर्वाश्रमीचा कार्डेशियन (आणखी एका परग्रही जमातीचा) हेर. टोलारलाही त्यानेच संपवलेलं असतं. रोम्युलन युद्धात उतरतात.

चाहते भांडतात ते शेवटच्या मिनिटावर. सिस्को ही सगळी हकीकत थेट कॅमेऱ्यात बघत स्वतःच्या खाजगी नोंदीत सांगत असतो. हे घेऊन मी जगू शकतो, असं तो म्हणतो. थांबतो. पुन्हा तेच म्हणतो. आणि संगणकाला नोंद पुसायला सांगतो. एक बाजू म्हणते, बघा, याला म्हणतात मॅच्युअर! दुसरी विचारते, शिक्षा कुठे झाली? माझं मत विचाराल तर तो भाग उत्तम आहे आणि मालिका त्या भागाला पुरी पडलेली नाही. एकच वाक्य दोनदा म्हणावं लागणं ही त्या माणसाची खरी अवस्था आहे, आणि नोंद पुसली तरी आपण ती ऐकलेली आहे. इथवर चोख. पण त्यानंतर सव्वा सीझनभर रोम्युलन मित्रपक्ष म्हणून वावरतात आणि त्यांना कधीच काही कळत नाही. सिस्कोलाही कुठल्या रोम्युलन अधिकाऱ्यासमोर उभं राहताना घाम फुटत नाही. भिंतीवर टांगलेली बंदूक गोष्टीत पुढे उडायला हवी म्हणतात; इथे बंदूक टांगली आणि खोलीच बंद केली, असं झालं.

आपल्याला हा पेच नवा नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारायचा आणि द्रोणांच्या हातून शस्त्र सोडवायचं, हे सिस्कोच्याच जातीचं काम. युद्ध हातचं जाण्याची वेळ, मुद्दाम तयार केलेला पुरावा, आणि विश्वास बसावा म्हणून बोलायला निवडलेला माणूस कोण, तर जो कधी खोटं बोलत नाही तो. युधिष्ठिराचा रथ तोवर जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकतो. पण महाभारत तेवढ्यावर भागवत नाही. बापाचा सूड म्हणून अश्वत्थामा रात्री छावणीत शिरतो आणि झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारतो. आणि त्याच्याही कितीतरी नंतर, राज्य करून झालं, हिमालय चढून झाला, तरी स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिराला घटकाभर नरक बघावा लागतो. का, हे इंद्र सांगतो तेव्हा नाव द्रोणांचंच निघतं. इतकी पर्वं उलटली तरी कोणी विसरलेलं नाही. ‘ग्रे कॅरेक्टर’ ही हल्लीची फॅशन आहे असं कोणी म्हटलं की मला म्हणून हसू येतं.

जुनं ‘स्टार ट्रेक’ बालिश, हेही मला मान्य नाही. एप्रिल १९६७चा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ बघा. भूतकाळात, १९३०मधल्या न्यूयॉर्कात अडकलेला कॅप्टन कर्क तिथल्या एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार. ती रस्ता ओलांडत असते, ट्रक येतो, यानाचा डॉक्टर मॅकॉय तिला ओढायला धावतो, आणि कर्क मॅकॉयला कवटाळून अडवतो. एक माणूस दुसऱ्याला घट्ट धरून उभा आहे, इतकंच दिसतं. पुढच्या आठवड्यात कर्क पुन्हा ताजातवाना असतो हे खरं, पण त्याचं कारण टीव्हीच्या धंद्यात आहे. तेव्हा भाग सुटेसुटे असत, कुठलाही कधीही दाखवता यावा अशा बेताने केलेले. पुढे १९८७च्या ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये तर स्टारफ्लीटच्या, म्हणजे फेडरेशनच्या अवकाशदलाच्या, माणसांनी आपसात भांडायचं नाही असा ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांचा दंडक होता, आणि लेखक त्याने वैतागायचे. १९९१मध्ये रॉडनबेरी गेले, १९९३मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झालं आणि हळूहळू सलग कथानकं आली. आजच्या मालिकांत कृत्यं माणसाचा पिच्छा पुरवतात त्याचं निम्मं श्रेय या बदललेल्या सोयीला जातं. तुमच्या मित्रांपैकी जे पिढीपिढीच्या अकलेचे हिशेब मांडतात त्यांना हे ऐकवा.

आता तो दुसरा पदर. सामाजिक कादंबरीत नायकापुढचा पेच समाजाने घातलेला असतो. विज्ञानकथेत ग्रह लेखकाचा, यान लेखकाचं, इंधनाची टाकीही लेखकाची. त्यामुळे ‘बिचाऱ्याला दुसरा इलाजच नव्हता’ हे वाक्य विज्ञानकथेत फार स्वस्त मिळतं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’, ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या ऑगस्ट १९५४च्या अंकातली कथा. तापाने पडलेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन एक छोटं यान निघालंय. इंधन अगदी मोजून दिलेलं. आत अठरा वर्षांची मॅरिलिन लपलेली सापडते. भावाला भेटायचं होतं, सापडलो तर दंड भरू, एवढाच तिचा विचार. तिच्या वजनाने यान उतरताना कोसळणार, म्हणजे ती गेली नाही तर आठही जणं जाणार. चालक बार्टन तिला जमेल तितका वेळ देतो, भावाशी बोलू देतो, मग ती स्वतः एअरलॉकमध्ये जाऊन उभी राहते आणि तो लिव्हर ओढतो. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ही कथा गॉडविनकडे पुन्हा पुन्हा परत पाठवली होती, कारण गॉडविन दर वेळी मुलीला वाचवायची काहीतरी युक्ती शोधून काढायचा.

या कथेवर सत्तर वर्षं भांडण चालू आहे. एक पक्ष म्हणतो, निसर्गाला दयामाया नसते, हे सांगायची हिंमत म्हणजे प्रौढ विज्ञानकथा. दुसरा पक्ष कागद-पेन घेऊन बसतो. औषधासारख्या तातडीच्या कामाला निघालेल्या यानात थेंबभर जादा इंधन का नाही? दाराला कुलूप का नाही, नुसती ‘प्रवेश बंद’ची पाटी का? आगंतुक सापडला तर ताबडतोब बाहेर टाकावा असा लेखी नियम आहे, चालकाला शस्त्र दिलेलं आहे. म्हणजे असं घडू शकतं हे सगळ्यांना माहीत होतं. मग निघण्यापूर्वी कपाट उघडून बघण्याचा नियम कोणी का केला नाही? विज्ञानकथालेखक कोरी डॉक्टरोव यांनी २०१४मध्ये याच अंगाने या कथेची चिरफाड केली. मी या दुसऱ्या पक्षाचा. समीकरणं निसर्गाची असतील, पण त्यांतला इंधनाचा आकडा लेखकाने भरलाय. आणि तो एकदा भरल्यावर ज्या कचेरीने असलं यान उडवलं, तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. बार्टन रडवेला होतो, वाचक रडवेला होतो, कचेरी सुटते.

याच पेचाचं दुसरं रूप बघा म्हणजे फरक कळेल. बीबीसीची ‘ब्लेक्स सेव्हन’ ही बंडखोरांच्या टोळीवरची मालिका, १९७८ ते १९८१. सेट थर्माकोलचे वाटावेत इतके गरीब, पण माणसं लिहिलेली जबरदस्त. चौथ्या सीझनमध्ये रॉबर्ट होम्स यांनी लिहिलेला ‘ऑर्बिट’ नावाचा भाग आहे. त्या टोळीतले एव्हॉन आणि व्हिला एका शटलमध्ये आहेत, वजन जास्त झाल्याने ते ग्रहाच्या ओढीतून सुटत नाही. हाताला लागेल ते दोघं बाहेर फेकतात. तरी सत्तर किलो कमी करायचे राहतात. सत्तर किलोचं आता काय उरलंय, असं एव्हॉन चिडून विचारतो, आणि ओरॅक हा संगणक थंडपणे सांगतो की व्हिलाचं वजन त्र्याहत्तर किलो आहे. एव्हॉन बंदूक घेऊन उठतो. आवाज मऊ करून हाका मारत शटलभर फिरतो, मला तुझी मदत हवीय म्हणतो. व्हिला एका कोनाड्यात अंग चोरून, तोंड दाबून बसलेला. त्याने सगळं ऐकलेलं असतं.

मग एव्हॉनला खरं कारण सापडतं: शत्रूने दडवलेला न्यूट्रॉन ताऱ्याच्या पदार्थाचा कण. तो ढकलून बाहेर काढल्यावर शटल सुटतं. कोणीही मरत नाही! कॅम्पबेल यांनी कथा परत पाठवली असती. पण शेवटी सगळे परत जमलेले असताना व्हिला सांगतो की हा प्रवास मी विसरणार नाही, आणि एव्हॉन उत्तर देतो की तूच म्हणतोस ना, माझ्यासोबत तू सुरक्षित असतोस. रक्ताचा थेंब सांडलेला नाही, पण त्या दोघांमधलं जे काही होतं ते तिथे संपलं, आणि तरी दोघांना एकाच यानात राहायचंय. ‘कोल्ड इक्वेशन्स’पेक्षा मला ही गोष्ट कितीतरी जास्त जाणती वाटते. एव्हॉनला पर्याय होता, थोडं अजून शोधायचं होतं. तो आधी माणसाकडे वळला. हे त्याचं त्यालाही कळलंय.

कॅम्पबेल यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. याच संपादकाने फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ आपल्या मासिकात क्रमशः छापली, आणि पुढचा भाग ‘ड्यून मसाया’ मात्र नाकारला. निष्पाप मुलगी अवकाशात टाकायला त्यांची ना नव्हती, पण जिंकलेला नायक हरलेला, स्वतःच्या धर्मयुद्धाखाली चिरडलेला त्यांना चालेना. ती कादंबरी १९६९मध्ये ‘गॅलक्सी’त आली. तिच्यात ‘ड्यून’चा नायक पॉल स्वतःच आकडा सांगतो, त्याच्या नावाने एकसष्ट अब्ज माणसं मारली गेल्याचा. पहिलं पुस्तक वाचून पॉलच्या पोस्टरला नमस्कार करणाऱ्यांचा अजूनही तिळपापड होतो. जग निष्ठुर दाखवणं सोपं असतं. आपल्याला आवडलेल्या माणसाच्या नावावर ते पाप मांडणं जड जातं. संपादकालाही, वाचकालाही.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ रोनाल्ड मूर यांनी नव्याने उभी केली, २००३ अखेरची मिनीसिरीज आणि मग २००९पर्यंतची मालिका. हे मूर ‘डीप स्पेस नाइन’च्या लेखकांपैकीच, आणि तिथे जे मधेच सुटलं ते त्यांनी इथे धरून ठेवलं असं मला वाटतं. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, ऑक्टोबर २००६मध्ये, सायलॉन या यंत्रमानवांच्या ताब्यातल्या न्यू कॅप्रिका ग्रहावर आपलीच, माणसांची बाजू आत्मघाती बॉम्ब वापरते. इराक रोज बातम्यांत असताना अमेरिकन टीव्हीवर हे दाखवलं गेलं, आणि बॉम्ब पाठवणारा कर्नल टाय हा खलनायक नाही. त्याची बायको एलेन त्याचा जीव वाचवायला शत्रूला माहिती देते; हे उघड झाल्यावर तो स्वतःच्या हाताने तिला विष देतो. सुटका होते, सगळे यानावर परततात, आणि टाय पुन्हा रुजू झाला, गाडी रुळावर, असं होत नाही. तो दारूत बुडतो, मेसमध्ये बसून लोकांना डिवचतो. तिकडे फितुरांना गुपचूप एअरलॉकमधून बाहेर टाकणारी टोळी उभी राहते आणि गेटा या अधिकाऱ्याला जवळजवळ टाकतेच, ज्याने आतून प्रतिकाराला मदत केलेली असते. सीझनच्या शेवटी, सायलॉनांना साथ दिलेला अध्यक्ष बाल्टार याच्या खटल्यात, वैमानिक ली अडामा साक्षीला उभा राहून एकेकाचं नाव घेतो: याला आपण माफ केलं, तिला माफ केलं, मलाही केलं, मग हाच एक का? बाल्टार सुटतो, तीन विरुद्ध दोन मतांनी. न्याय झाला की नाही यावर माझं माझ्याशीच एकमत नाही.

‘अँडोर’बद्दल थोडक्यात. पहिल्याच भागात नायक कॅसियन दोन शिपायांना मारतो, पहिला झटापटीत, दुसरा गयावया करत असताना. प्रकरण मिटवून टाकायला वरिष्ठ तयारच असतात, पण एक हट्टी कनिष्ठ अधिकारी सोडत नाही. त्यातून कॅसियन राहतो त्या फेरिक्सवर धाड पडते, ती फसते, आणि शेवटी साम्राज्य ते गावच ताब्यात घेतं. एका गोळीची किंमत अख्खं गाव भरतं. तुमच्या मित्रांनी या मालिकेचं कौतुक अगदी योग्य केलंय, फक्त कारण चुकीचं सांगितलंय.

चाहत्यांच्या बाजूचंही एक सांगायला हवं, कारण लेखकही त्यांना घाबरून कच खातात. ‘डीप स्पेस नाइन’मधला गुल दुकात हा बेजोर या ग्रहावरच्या कार्डेशियन राजवटीचा प्रमुख, लाखोंच्या मरणाला जबाबदार. पण मार्क अलायमो यांनी तो इतका मिठ्ठास, इतका जखमी अभिमानाचा उभा केला की बरेच प्रेक्षक त्याची वकिली करू लागले. त्या राजवटीविरुद्ध लढलेल्या बेजोरन किरासोबत त्याचं प्रेमप्रकरण दाखवायची कल्पनाही निघाली होती, ती किराचं काम करणाऱ्या नाना व्हिजिटर यांनी ठाम नकार दिल्याने बारगळली, हे बरं झालं. लोकांना दुकात ‘तसा चांगला’ वाटतोय हे पाहून लेखक अस्वस्थ झाले आणि १९९८मध्ये ‘वॉल्ट्झ’ हा भाग आला. त्यात दुकात भ्रमिष्ट होऊन अखेर ओरडतो की बेजोरन सगळेच्या सगळे मारायला हवे होते. पुढे तर त्याच्या अंगात दुष्टात्मे येतात, डोळे लाल होतात. इथे लेखक चुकले, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण उदार राज्यकर्ते होतो असं मनापासून मानणारा दुकात जास्त भयंकर होता, कारण तसली माणसं निवृत्त होऊन आत्मचरित्रं लिहितात. प्रेक्षक भाळले म्हणून पात्राला वेडं करायचं कारण नव्हतं. ज्यांनी त्या राजवटीत सोसलं त्यांना त्याच्यासमोर बोलतं करणं पुरेसं झालं असतं, आणि किरा समोरच होती.

आता तुमचा कॅप्टन. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यावरून दिसतं ते असं: विभाग बंद करणं हा कथेचा शेवट आहे, त्याआधीची सगळी पानं ‘दुसरा इलाज नव्हता’ हे पटवण्यात गेली आहेत, आणि आतल्या माणसांपैकी एकाचंही नाव आपल्याला कळत नाही. ही ‘कोल्ड इक्वेशन्स’चीच मांडणी झाली.

तो प्रसंग उचलून पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात आणा. हवा कमी का पडली याला उल्का सोडून दुसरं कारण द्या. कोणीतरी तपासणी पुढे ढकललेली असू दे, आणि त्या कागदावर सही कॅप्टनची असली तर फारच उत्तम, पण ती वाचकाला उशिरा दिसू दे. दाराचा खटका प्रत्यक्ष दाबणारा कोणी तंत्रज्ञ असेल ना? कॅप्टन हुकूम देतो, बोट त्याचं असतं. मला त्याच्याबद्दल वाचायला आवडेल. बंद विभागाच्या नावाने रेशन अजून निघतंय, संगणकात कोणी ती नावं खोडलेली नाहीत, आणि खोडायचं काम ज्या मुलीकडे आलंय तिची खोली त्याच विभागात होती पण त्या रात्री ती पाळीवर होती, असं काही योजा. कॅप्टनला तिच्यासमोर आणून उभा करा आणि त्याला चांगलं भाषण देऊ नका.

तो वाचकाच्या मनातून उतरेल ही भीती सोडून द्या. एव्हॉन बंदूक घेऊन फिरला तरी चार दशकांनंतरही लोक त्याचेच चाहते आहेत. वाचक माणसाला टाकत नाही, तो सारवासारवीला कंटाळतो. म्हणून शेवटचं दीड पान, जिथे कॅप्टन खिडकीपाशी उभा राहून ताऱ्यांकडे बघत डोळे पुसतो, ते संपूर्ण काढा. त्या जागेत ती मुलगी रेशनची यादी घेऊन आत येण्याचा प्रसंग सहज बसेल.